झाकणसाहेब आणि शेवटच्या रांगेतला ससा

देवाने साप केला तेव्हा विषाची पिशवीही त्याच्याच जबड्यात शिवून दिली. साप कात टाकतो, म्हातारा होतो, उपाशी मरतो, पण ती पिशवी त्याच्याच पोटात गळली असे कोणी ऐकलेले नाही. आणि एवढी कारागिरी करूनही देवाने कुठे आपल्या नावाची पाटी लावली नाही. गावाबाहेरच्या त्या कारखान्यात मात्र चार बुके शिकलेल्या माणसांनी सापाशी पैज लावली, आणि त्यांच्या विषाने सगळ्यात आधी खाल्ले काय, तर स्वतःचे भांडे.

या कारखान्याच्या कोठारावर ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घालवली त्यांना सगळे झाकणसाहेब म्हणत. तोंडावर झाकणसाहेब, पाठ फिरली की नुसते झाकण.

नाव उगाच पडले नव्हते. लहानपणी दूध उतू जायला लागले की आच कमी करायची सोडून हे पातेल्यावर झाकण दाबून धरत. घरातला आरसा यांच्या हातून फुटला, तर यांनी तो भिंतीकडे तोंड करून टांगून ठेवला. शाळेत शाई सांडली तेव्हा त्या डागावर जे बसले ते शाळा सुटेपर्यंत उठले नाहीत. चड्डी निळी झाली ती झाली, पण फरशी कोणाला दिसली नाही. त्यांची आई या गोष्टी नव्या सुनेला कौतुकाने सांगायची. "घरातलं बाहेर जाऊ द्यायचा नाही हो माझा लेक. झाकली मूठ सव्वा लाखाची." सून तेव्हा कोवळी होती. तिला वाटले, सासूबाई गुण सांगताहेत. तो इशारा होता हे कळायला तिला बरीच वर्षे गेली.

लग्न झाले तेव्हा हे तेलाच्या डब्यांच्या कारखान्यात होते. डबा भरून पुढे आला की यंत्राचा दांडा ओढायचा, झाकण बसले की डबा पुढे ढकलायचा. काम साधे होते, आणि सरळ होते. त्या डब्यांतले तेल कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचत होते. तिथेच सुखाने राहिले असते तर आज त्यांच्यावर चार ओळी लिहायचीही वेळ आली नसती. पण गावाबाहेर उंच भिंत उभी राहिली, फाटकावर 'पिकांवरील किडीचे औषध' अशी पाटी लागली, आणि झाकणे बसवण्यात हात बसलेला माणूस पाहिजे म्हणून यांना बोलावणे आले. सोबत भिंतीला लागून घर, दोन खोल्या, मागे पायरी आणि अंगण.

किडीचे औषध म्हणे. त्या औषधाचा थेंब कोणाच्या शेतात कधी पडला नाही. गावात शेंबड्या पोरालाही माहीत होते की आत माणसे मारायचे विष करताहेत. शेजारच्या देशाला धाक बसावा म्हणून हा सगळा खटाटोप. गुपित असे की फक्त फाटकावरच्या पाटीलाच ते ठाऊक नव्हते. आतली माणसे घरी येण्याआधी तिथेच दोनदा अंघोळ करत, कपडे तिथेच ठेवत. किडीच्या औषधाला एवढे सोवळे कोण पाळते?

मोठे साहेब आले तेव्हा म्हणाले होते, सहा महिन्यांत माल तयार. सहा महिन्यांत तयार झाला तो साहेबांचा बंगला. माल काही जमेना. कधी भट्टी बिघडे, कधी नळ्या आतून खाल्ल्या जात. भांडे टिकले तर माल नासे, माल जमला तर भांड्याला भोक पडे. समुद्रापलीकडून जाड, चकचकीत भांडी मागवली, ती यायला वर्ष गेले आणि चकाकी जायला एक हंगाम पुरला. एकदा काहीतरी तयार झाले, पण ते काय झाले हे करणाऱ्यांनाच ओळखता येईना. रबरी कपडे घालून काम करणारी माणसे विषाने पडायच्या आधी उकाड्यानेच घेरी येऊन पडत. अखेर कधीतरी माल जमला. साहेबांनी मिठाई वाटली. झाकणसाहेबांच्या बायकोने ती मिठाई मुंग्यांना घातली. मुंग्या तेवढ्या निष्पाप होत्या, म्हणून.

पण करणे एक आणि ठेवणे दुसरे. सून आणणे सोपे, नांदवणे अवघड, तसे. भरलेल्या पिंपात तो माल स्वस्थ बसेना. बसल्या जागी तो आंबत, बिघडत जाई, आणि बिघडता बिघडता पिंप पोखरत जाई. जो माल यंदा शत्रूसाठी भरला तो दोन वर्षांत शत्रूच्या कामाचा उरत नसे. मालकाला मारण्याइतका दम मात्र त्याच्यात शेवटपर्यंत राही. असले अवलक्षणी कार्टे देवाने वैऱ्यालाही देऊ नये, आणि यांनी ते नवसाने मागून घेतले होते.

तेव्हाच झाकणसाहेबांचे नशीब फळफळले. गळणाऱ्या पिंपांचे काय करायचे यावर सगळे पदवीवाले डोकी धरून बसले होते. ओतायची सोय नव्हती, जाळायची नव्हती, पुरायची नव्हती. हे मागे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "साहेब, गळतंय ते पिंप मोठ्या पिंपात घालू. वरून झाकण लावू. गळेना का मग आतल्या आत."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. दुसऱ्या आठवड्यात हे कोठारप्रमुख झाले.

झाले. मग मोठे पिंपही पाझरू लागले. ते आणखी मोठ्यात गेले. पिंपाच्या पोटात पिंप, त्याच्या पोटात पिंप. आत मूळ माल किती, बिघडलेला किती, आणि कुठल्या पिंपात कुठला, हे एका देवाला ठाऊक, आणि देवाला त्याची किळस. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसे, तर कोठार भरत चालले आहे आणि पिंपे दरवर्षी मोठी होताहेत. वरची मंडळी खूश. सूज आली तिला बाळसे समजणारी माणसे ती.

झाकणसाहेब घरी येऊन या गोष्टी रंगवून सांगत. बायको एकदा हातातले काम न थांबवता म्हणाली, "अहो, आमची लोणच्याची बरणी गळायला लागली तर आम्ही ती मोठ्या बरणीत नाही ठेवत. आधी रिकामी करतो."

"अगं, ते काय लोणचं आहे?"

"नाही ना. लोणचं कामाला तरी येतं."

यावर ते हसले. बायकोचे बोलणे म्हणजे वाऱ्याची झुळूक, असे मानून चालणाऱ्यांपैकी ते होते.

त्या कोठारात माणसांपेक्षा शहाणे कोण असेल तर ससे. मातीच्या ढिगाऱ्याखाली अर्धे पुरलेले लांबच लांब कोठार, त्यात पिंपांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक पिंजरा, पिंजऱ्यात एक ससा. ते विष नुसते हवेत आले, वास नाही रंग नाही, तरी डोळ्यातली काळी बाहुली आखडून खसखशीएवढी होते. माणसाची होते, सशाची त्याहून आधी होते. म्हणून तिथला पहिला नियम असा की रांगेत पाऊल टाकायच्या आधी सशाच्या डोळ्यात बघायचे. बाहुली मोठी दिसली तर आत जायचे. बारीक दिसली तर आत जायचे नाही, कोणाला विचारत बसायचे नाही, फाटकावरची घंटा वाजवायची. साहेब असो की झाडूवाला, प्रत्येकाला पहिल्या दिवशी आधी हेच शिकवत. एवढा पैसा ओतून, एवढी यंत्रे आणून शेवटी सगळी मदार गवत खाणाऱ्या जनावराच्या डोळ्यावर. बायकोला यात देवाचा विनोद दिसे. झाकणसाहेबांना त्यात काही विनोद दिसत नसे.

शेवटच्या रांगेतले ससे तेवढे टिकत नव्हते. सगळ्यात जुनी पिंपे तिथे होती.

अशात वरून निरोप आला की बडे पाहुणे कोठार पाहायला येणार. घबराट उडाली. पिंपांवर गंजाचे पापुद्रे आले होते. गंज काढायचा तर पिंप हाताळावे लागणार, आणि हाताळायला गेले तर हातात काय येईल सांगता येत नव्हते. तेव्हा ठरले की गंजावरूनच रंग मारायचा. वरून कीर्तन आतून तमाशा. रंगारी शोधू लागले, आणि झाकणसाहेबांच्या बायकोने पदर पसरून सांगितले, "माझ्या भावाला घ्या. हाताला काम नाही त्याच्या."

भाऊ तिच्या पाठचा, धाकटा. खिडक्या-दारे रंगवायचा. हसरा, थोडा आळशी, रंगाचे ठिपके कानापर्यंत घेऊन फिरणारा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. काम मिळाले तेव्हा त्याने बहिणीच्या पाया पडून तिच्याच पायरीवर बसून गुळाचा खडा खाल्ला. आत शिरायच्या पहिल्या दिवशी तिने त्याला विचारले होते, "नियम काय सांगितला?"

"सशाचा डोळा बघायचा."

"रोज बघ."

"बघतो गं ताई. माझ्याकडे असा टक लावून बघतो तो, जणू मीच गळतोय."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी झाकणसाहेब हातात टोपली घेऊन घरी आले. वर फडके. मागच्या पायरीपाशी ठेवून म्हणाले, "दोन दिवस सांभाळ. कोणाला सांगू नको."

फडके काढले तर आत भुरा ससा. नाक ओले, तोंडाला लाळ, अंग आकसलेले. बायकोने त्याला लाकडी खोक्यात गवतावर ठेवले, पाणी दिले. दिवसाउजेडी त्याच्या डोळ्यात पाहिले. भुऱ्या बुबुळात बाहुली शोधावी लागत होती.

"कुठल्या रांगेतला?"

"सर्दी झालीय त्याला."

"मी काय विचारलं?"

"शेवटच्या," ते म्हणाले, आणि लगेच आपली अक्कल सांगायला लागले. "उद्या पाहुण्यांसमोर ससा मान टाकून पडला तर काय शोभा राहील? म्हणून मी सगळे पिंजरे दारापाशी आणून लावलेत. तिथे छान वारा येतो. सकाळपासून दुसरा एकही ससा शिंकला नाही बघ. साहेब म्हणाले, याला म्हणतात व्यवस्था."

बायकोने खोक्यातले गवत सारखे केले. तिला वाटले, रंगाचे काम कालच संपले असणार. तसे तिला भावानेच सांगितले होते. रंगाऱ्याच्या वायद्यावर विश्वास ठेवला, ही तिची चूक. तो आयुष्यात एकही काम सांगितल्या दिवशी संपवणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाऊ जेवायला आला. घर भिंतीला लागूनच, म्हणून तो तिच्याकडेच जेवे. त्याचा जोडीदार आतच डबा खाई. झाकणसाहेबही आले होते, पाहुण्यांसाठी कडक इस्त्रीचा सदरा घालायला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाचा लोळ आत आला होता, ताटावर पडलेल्या उन्हाने डोळे दिपत होते.

भाऊ पाटावर बसला आणि डोळे चोळत म्हणाला, "ताई, दिवा लाव की जरा. काय अंधार करून बसलीस."

झाकणसाहेब सदऱ्याचे बटण लावत हसले. "मेव्हणेबुवा, दुपारचीच घेतलीत की काय?"

"नाही हो दाजी. आभाळ आलंय ना बाहेर?"

बाहेर आभाळाचा मागमूस नव्हता. बहिणीने भाकरी टाकायची थांबवली. "सकाळी कुठे होतास?"

"आतच. शेवटच्या रांगेत. दुसरा हात राहिला होता रंगाचा." त्याने बाहीला नाक पुसले. नाक वाहत होते. "छाती पण आवळल्यासारखी झालीय. रंगाचा वास चढला असेल. आता जेवून जातो, कडेचं तेवढं उरलंय. दाजी म्हणाले पाहुणे यायच्या आत उरक."

"ससा बघितलास?"

"बघितले की. सगळे दारापाशी बसलेत ओळीनं. टुणटुणीत."

तिने हात पुसले, भावाची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केले. लहानपणी डोळ्यात कचरा गेला की करायची तसेच. त्याच्या डोळ्यांत काळे असे काही उरलेच नव्हते. मध्ये एक टोचल्यासारखा ठिपका. कालच तिने हा डोळा पाहिला होता, मागच्या पायरीवर, खोक्यात.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "इकडे या. बघा."

झाकणसाहेबांनी बघितले. त्यांचा हात बटणावर थांबला. त्यांना समजले हे तिला दिसले. आणि समजलेले ते कसे गिळताहेत हेही दिसले.

"रंगाचाच वास," ते म्हणाले. "बंद जागा आहे."

"सशानं कुठला रंग दिला होता?"

त्यांनी दाराकडे पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, तासाभराचा प्रश्न आहे. पाहुणे बघतील, जातील. गाडी फाटकाबाहेर पडली की मी स्वतः याला दवाखान्यात नेतो. आत्ता नेलं तर डॉक्टर विचारणार, कुठे होता. मग शेवटची रांग निघणार. माझी जागा जाईल. हे घर जाईल. या भिंती पण त्यांच्याच आहेत, विसरू नको."

"भिंती त्यांच्या असतील. भाऊ माझा आहे."

"तो बसलाय की धडधाकट. पडून राहू दे घरात तासभर."

"आणि ह्याचा जोडीदार?" ती म्हणाली. "तो कुठे आहे आत्ता?"

भाऊ घासाकडे बघत होता, पण घास उचलत नव्हता. म्हणाला, "तो आतच आहे. मला म्हणाला, तू जेवून ये, मी कडेचं धरतो."

झाकणसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले, आणि देवाशपथ, त्या माणसाने शेवटचे बटण लावले. "मी बघतो काय ते," असे म्हणून ते निघून गेले. वीस वर्षांचा संसार, पण नवऱ्याची एवढी शिसारी तिला त्याआधी कधी आली नव्हती. विषाची भीती वाटणारा माणूस तिला समजला असता. हा माणूस सदऱ्याला सुरकुती पडेल म्हणून भीत होता.

तिने देवापुढे हात जोडले, पण थांबली नाही. हात जोडून झाले की पाय हलवायचे, एवढे देवानेच शिकवलेले आहे. एका हाताने भावाला धरले, दुसऱ्या हातात सशाची टोपली घेतली. दवाखाना फाटकाच्या आत होता. भिंतीच्या कडेकडेने जाताना भाऊ दोनदा अडखळला. "ताई, मला रस्ता दिसत नाही नीट." "मला दिसतो. चल."

फाटकवाला गणवेशाला नवी पितळी बटणे लावून उभा होता. आत, अंगणात, पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. बडे पाहुणे, मोठे साहेब आणि अर्धे पाऊल मागे झाकणसाहेब, असे सगळे कोठाराकडे निघाले होते.

"ताई, आज नाही," फाटकवाला कुजबुजला. "पाहुणे आहेत. नंतर या."

"मला पाहुण्यांकडे नाही जायचं. दवाखान्यात जायचंय."

"माझी नोकरी जाईल हो."

"आज जो तो नोकरीच सांगतोय मला," ती म्हणाली आणि टोपलीवरचे फडके काढले. "बघ."

फाटकवाल्याने वाकून पाहिले. पहिल्या दिवशी शिकवलेले माणूस विसरत नाही. तो जागच्या जागी ताठ झाला. तिने भावाचा चेहरा त्याच्याकडे वळवला. "आता ह्याचा बघ."

त्याने एकदा आतल्या मिरवणुकीकडे पाहिले, एकदा त्या डोळ्यांकडे. मग टोपी काढून खुंटीला लावली, जशी आता पुन्हा घालायची नाही, आणि घंटेचा दोर दोन्ही हातांनी ओढला.

पुढचे सगळे सांगताना हसावे की थुंकावे कळत नाही. शत्रूला धाक घालायला निघालेली ती बडी मंडळी घंटा ऐकताच अशी उधळली की जणू शत्रू त्यांच्या धोतरात शिरला. बडे पाहुणे गाडीकडे धावले, चालक आधीच पळाला होता. विषापासून बचावायच्या मुखवट्यांची पेटी भिंतीवर होती, शोभेसाठी पुसून चकचकीत केलेली आणि पाहुण्यांसमोर कोणी हात लावू नये म्हणून कुलूपबंद. किल्ली झाकणसाहेबांच्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात. मोठ्या साहेबांना मुखवटा मिळाला तेव्हा त्यांनी तो उलटा चढवला आणि आंधळ्या बैलासारखे ते गाडीच्या दारावर आदळले. ज्या मालाच्या जोरावर हे लोक सीमेपलीकडे डोळे वटारत होते, त्याच्या नुसत्या घंटेने त्यांची अशी गत झाली.

डॉक्टर तेवढा माणसासारखा वागला. भावाच्या डोळ्यात बघितले, काही न विचारता दंडात सुई दिली. मग दाराकडे वळून ओरडला, "आत अजून कोण आहे?"

"जोडीदार," भाऊ खाटेवरून म्हणाला.

"कोठार केवढं आहे माहीत आहे? कुठल्या रांगेत?"

भाऊ सांगायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. बोलता येईना. बहिणीला ठाऊक होते, पण ती बोलली नाही. घंटेनंतर धावत येऊन दवाखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे ती बघत राहिली. सदऱ्याचे एक बटण तुटले होते. मागोमाग आलेले मोठे साहेब, आता सरळ केलेल्या मुखवट्याआडून, त्यांच्याकडेच बघत होते. झाकणसाहेबांनी साहेबांकडे पाहिले, मग बायकोकडे. तिने श्वासभर वाट पाहिली. दुसऱ्या श्वासाला ती स्वतःच सांगणार होती.

"शेवटच्या," झाकणसाहेब म्हणाले. "शेवटच्या रांगेत, साहेब. तिथला पिंजरा मी हलवला."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने कशावरून तरी झाकण काढले. तेही दुसऱ्याच्या पोराचा जीव घशाशी आल्यावर. कौतुक करायचे असेल त्याने करावे.

जोडीदार तिथेच सापडला, रंगाच्या डब्याला टेकून बसलेला, तोंडाला फेस, हातात कुंचला तसाच. रबरी कपडेवाल्यांनी त्याला ओढून काढले. चार दिवस तो या जगात नव्हता, पाचव्या दिवशी त्याने पाणी मागितले. भावाची दृष्टी आठवड्याभरात निवळली. छाती मात्र पूर्वीसारखी झाली नाही. शिडी चढला की त्याला धाप लागते. आता तो तळमजल्याच्या खिडक्याच रंगवतो, आणि वायदा अजूनही पाळत नाही.

त्या घंटेनंतर कोठार उघडावे लागले. झाकली मूठ उघडली आणि काय निघाले? बहुतेक माल केव्हाच मेलेला, शत्रूवर फेकला असता तर त्याने फार तर नाक मुरडले असते. पण पिंपापिंपांत, पोटापोटांत साचलेला असा की हात लावायची सोय नाही. यांना विष करता येईना, केले तर ठेवता येईना, ठेवले तर टाकता येईना. करायला लागला नव्हता एवढा वेळ आणि एवढा पैसा ते नाहीसे करायला लागला, आणि अजून लागतो आहे. मोठ्या साहेबांची बदली झाली, बढतीवर. बड्या पाहुण्यांनी म्हणे आपल्या भाषणात सावधपणाचे महत्त्व सांगितले. फाटकवाल्याची नोकरी गेली नाही, कारण त्याला काढायचे तर का काढले हे सांगावे लागले असते.

झाकणसाहेबांना काढले नाही. त्याहून मोठी शिक्षा दिली. कुठल्या पिंपात कुठले पिंप हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून उरलेली सगळी नोकरी त्यांना रबरी कपड्यांत उभे करून आपलीच झाकणे उघडायला लावली. एक उघडले की आत दुसरे, दुसऱ्याच्या आत तिसरे. संध्याकाळी दोन अंघोळी करून ते घरी येत. बायको ताट पुढे सरकवी आणि चुलीकडे वळे. रंगारी भाऊ मात्र समोर बसून जेवे आणि म्हणे, "दाजी, आज किती मजले उतरलात?" त्यावर ते मान खाली घालून भाकरी मोडत, पण कधी राग करत नसत.

भुरा ससा जगला. परत मागायला कोणी आले नाही, आणि आले असते तरी तिने दिला नसता. मागच्या अंगणात तो गलेलठ्ठ झाला, भाजीच्या देठांसाठी पायात घोटाळू लागला. झाकणसाहेब आता निवृत्त आहेत. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी ते मागच्या पायरीवर जातात, सशासमोर उकिडवे बसतात आणि त्याच्या डोळ्यात बघतात. बाहुली चांगली टपोरी दिसली की मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकतात.

बायको चुलीपुढून बघते. पहिल्या काही दिवसांत ती म्हणाली होती, "बघायचा तेव्हा बघितला नाहीत." आता म्हणत नाही. देवाचे नाव घेते, आणि पेल्यावर त्यांनी रात्री झाकण म्हणून ठेवलेली ताटली उचलून बाजूला करते.